तुझ्याबद्दल असं म्हणाली म्हणे

मेघा सोमकुंवर आमच्याच बिल्डिंगमध्ये, प्रताप नगरात, वरच्या मजल्यावर राहते. सकाळी जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज येतो, मग ती खाली उभी राहून तोंडाला ओढणी गुंडाळते, गॉगल लावते आणि स्कूटी काढून धंतोलीकडे निघते. नवरा सुशील मौद्याच्या वीज प्रकल्पात कंत्राटदाराकडे कामाला. त्याच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे घर, मुलीची शाळा आणि नोकरी हे सगळं मेघाच धरून असते. तिचे वडील कन्हानला कोळसा खाणीत होते. त्यांच्या घरात टेबल-खुर्चीची नोकरी करणारी ही पहिलीच. हे ती कधी मोठेपणानं सांगत नाही, पण वडील असेपर्यंत ती महिन्यातून एकदा तरी ऑफिसच्याच कपड्यांत कन्हानला जायची. त्यांना ते आवडायचं.

नोकरी एका खासगी हॉस्पिटलमध्ये, विम्याच्या काउंटरवर. पेशंट भरती झाला की त्याची कागदपत्रं विमा कंपनीला पाठवायची, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची, मंजुरी आणायची. मंजुरी येईपर्यंत पेशंटला घरी सोडत नाहीत. म्हणजे पेशंट बरा होऊन कपडे घालून पलंगावर बसलेला असतो आणि त्याचे नातेवाईक मेघाच्या काउंटरवर हात आपटत असतात. अशा ठिकाणी शेजारी भरवशाचं माणूस लागतं. मेघाच्या शेजारी देवकीताई ठवकर होत्या.

देवकीताई गोळीबार चौकातल्या. वयानं मेघापेक्षा बऱ्याच मोठ्या, आवाज भारी, आणि हॉस्पिटलमधल्या प्रत्येक वॉर्डबॉयची खबर ठेवणाऱ्या. मेघा नवीन असताना एका नातेवाईकानं तिच्या अंगावर फाईल फेकली होती. देवकीताई काउंटरच्या बाहेर गेल्या, फाईल उचलली, त्याच माणसाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे माहेरवाशीण आहे आमची. नीट दे तिच्या हातात." त्यानं दिली. तेव्हापासून दोघींचे डबे एकत्र उघडायला लागले. देवकीताईंच्या डब्यात पातोडी असली की मेघासाठी वेगळी वाटी असायची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मेघाच्या घरचे सगळे दीक्षाभूमीवर पाणी वाटायला जातात. त्या दिवशी मेघाचं काम देवकीताई स्वतःहून मागून घ्यायच्या. म्हणायच्या, "तू जा वं. माह्या वाटचंही पाणी पाज दोघा-चौघाले."

तेव्हा काउंटरचे प्रमुख मनोहरराव होते. ते सगळ्यांसमोर ओरडायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत विसरून जायचे. ते निवृत्त झाले, त्यांची जागा रिकामीच राहिली आणि वरून सगळं बघायला मोहित सर आले. मूळचे नागपूरचेच, पण पुण्यात मोठ्या हॉस्पिटलमध्ये काम केलेले. वय कमी, शर्ट नेहमी इस्त्रीचा, आणि आवाज इतका मऊ की काउंटरवरच्या बायांना सुरुवातीला बरंच वाटलं. मेघानं घरी येऊन सुशीलला सांगितलं होतं, "पहिल्यांदा कोणीतरी 'कृपया' म्हणणारं आलं बावा."

मोहित सरांची एक पद्धत होती. ते एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे. कॉफी मागवायचे. कामाचं आधी विचारायचेच नाहीत. मुलगी कितवीत आहे, सासूबाईंचा गुडघा कसा आहे, सुशीलला रात्रपाळी असते का. मेघाला इतक्या वर्षांत कोणत्याही साहेबानं असं विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं.

असंच एकदा ते म्हणाले, "देवकीताई हल्ली उशिरा येतात. मला ॲक्शन घ्यायची नाहीये. फक्त कारण कळलं असतं तर सांभाळून घेतलं असतं."

देवकीताईंचे यजमान ज्या दुकानात कामाला होते ते दुकान बंद पडलं होतं. ते घरी बसले होते आणि दुपारपासूनच प्यायला लागले होते. देवकीताईंनी हे फक्त मेघाला सांगितलं होतं, तेही बाथरूमच्या दाराशी, तोंडावर पाणी मारता मारता. मेघाला वाटलं, सर चांगले आहेत, यांना कळलं तर ताईंची नोकरी सांभाळली जाईल.

"त्यांच्या घरी जरा अडचण आहे सर," ती म्हणाली. "मिस्टर घरीच असतात सध्या. थोडं पिणंही वाढलंय. कोणाला सांगू नका."

"छे छे," सर म्हणाले. "तुम्ही सांगितलंत हे बरं केलं."

त्यानंतर काही दिवसांनी देवकीताईंनी डबा वेगळा उघडला. आधी मेघाला वाटलं, उपास असेल. मग दुसऱ्या दिवशीही त्या डबा घेऊन नर्सेसच्या खोलीत गेल्या. मेघानं विचारलं, "ताई, काय झालं?" त्या म्हणाल्या, "मले काय होते?" आणि कॉम्प्युटरकडे वळल्या. त्या आवाजात काहीतरी असं होतं की मेघानं पुन्हा विचारलं नाही.

मग सरांनी तिला बोलावलं. कॉफी आली. सर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "खरं तर मी सांगू नये. पण तुम्हाला माहीत असलेलं बरं. देवकीताई म्हणत होत्या की ह्यांच्या लोकांना दरवर्षी त्या दिवशी सुटी लागतेच, आणि काम मात्र आम्ही ओढायचं. ह्यांना सगळं आयतंच मिळतं, असं काहीतरी. मी त्यांना तिथल्या तिथं थांबवलं. तुम्ही मनावर घेऊ नका."

हे सगळं मेघानं मला नंतर सांगितलं. 'ह्यांच्या लोकांना' हे शब्द तिच्या ओळखीचे होते. कॉलेजात एका मैत्रिणीच्या आईच्या तोंडून तिनं ते ऐकले होते. लग्नानंतर घर शोधताना एका घरमालकानं आडनाव विचारून खोली आधीच गेल्याचं सांगितलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरही तेच होतं. इतर काही खोटं सांगितलं असतं तर तिनं देवकीताईंना गाठून विचारलं असतं. हे विचारता येईना. विचारायचं तरी कसं? ताई, तुम्ही आतून अशा होता का? आणि त्या 'नाही' म्हणाल्या तर तो 'नाही' खरा कशावरून? दरवर्षी स्वतःहून काम मागून घेणारी बाई असं का म्हणेल, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही असं नाही. पण जुनं दुखणं ठणकायला लागलं की माणूस हिशेब करत बसत नाही. तिनंही डबा घेऊन जायची जागा बदलली.

दोन खुर्च्या हातभर अंतरावर, आणि दोघी एकमेकींशी फाईलपुरतं बोलायच्या. मग तेही कमी झालं. एकीला दुसरीकडून काही हवं असलं की ती सरांना सांगायची आणि सर दुसरीला सांगायचे. सगळं बोलणं त्यांच्या केबिनमधून जायला लागलं. हे सोयीचंच आहे असं मेघाला तेव्हा वाटत होतं.

उन्हाळ्यात भंडाऱ्याकडचे एक म्हातारे बाबा भरती होते. त्यांच्या सुटीच्या दिवशी विमा कंपनीनं एक शंका विचारली. सरांनी मेघाला सांगितलं, ते देवकीताई बघताहेत. देवकीताईंना सांगितलं, ते मेघा बघतेय. बाबा सकाळपासून धोतर-टोपी घालून पलंगावर बसलेले. बाहेर भाड्यानं आणलेली गाडी उन्हात उभी. संध्याकाळी मुलगा काउंटरवर आला तेव्हा कळलं की उत्तर कोणीच पाठवलं नव्हतं. तो फार ओरडला. त्याचं चुकतही नव्हतं. आवाज वर मोठ्या डॉक्टरांपर्यंत गेला. हॉस्पिटल त्यांच्याच मालकीचं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मोहित सर अगदी शांतपणे म्हणाले, "चूक कोणाची हा प्रश्न नाही. दोघीही मेहनती आहेत. पण दोघींमध्ये संवाद नाही. मी माझ्या परीनं खूप प्रयत्न केला."

मेघाला म्हणावंसं वाटलं की सर, तुम्हीच सांगितलं होतं. पण सगळ्यांसमोर साहेबाला खोटं ठरवायचं, आणि तेही कोणत्या आधारावर? ती गप्प बसली. देवकीताईही गप्प बसल्या. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं मुद्दाम काम ठेवून आपल्याला अडकवलं.

काही दिवसांत देवकीताईंच्या हातात बदलीचा कागद आला. हॉस्पिटलचं एक छोटं केंद्र कन्हानला होतं, तिथं. गोळीबार चौकातून रोज कन्हान, तेही दोन वाहनं बदलून. आणि घरी नवरा तसा.

त्यांचा शेवटचा दिवस होता. मेघा स्कूटी काढायला पार्किंगमध्ये आली तर देवकीताई तिथं एका खांबाला टेकून उभ्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचा कप, देवाचा छोटा फोटो, एक शाल.

"झालं न तुह्या मनासारखं?" त्या म्हणाल्या.

"माह्या मनासारखं? मी काय केलं ताई?"

"माह्या घरची इज्जत साहेबापुढं मांडली. म्हणे, तिचा नवरा बेवडा, तिचं कामात लक्ष नाही, तिले काढा न् मनोहररावांची जागा मले द्या."

मेघा तिथंच स्कूटीवर बसली. "असं नाही बोलली मी. कोण सांगतलं?"

"कोण सांगन? सरांनीच सांगतलं. मी सांगू नये, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं, म्हणाले."

तेच वाक्य. जसंच्या तसं. मेघानं मग सरांनी आपल्याला सांगितलेलं एक एक करून बोलून दाखवलं, सुटीचं, आयत्याचं, 'ह्यांच्या लोकांचं'. ते शब्द देवकीताईंसमोर उच्चारताना तिची जीभ अडखळत होती. ऐकता ऐकता देवकीताई खाली बसल्या, पार्किंगच्या फरशीवर, पिशवी मांडीवर घेऊन.

"मी असं म्हणीन वं?" त्या म्हणाल्या. "आन् तू मानलं?"



"तुम्ही बी तर मानलं ताई."

"मानलं. काहून का त्यातलं अर्धं खरं होतं. दारूचं तू सांगतलंच न? तुह्याशिवाय कोणाले माहीत नव्हतं."

"सांगतलं. तुमच्या भल्यासाठी सांगतलं."

देवकीताईंनी पिशवीतली शाल नीट केली. मग म्हणाल्या, "भल्यासाठीच सांगतलं असशील."

दोघी तिथं बसून मागचं सगळं आठवत गेल्या. भंडाऱ्याच्या बाबांचं, फाईलींचं, मनोहररावांची जागा दोघींनाही वेगवेगळी कबूल केल्याचं. ती जागा कोणालाच मिळाली नव्हती. सरांनी ती रद्द करवून काउंटर स्वतःच्या हाताखाली घेतलं होतं. आता सगळं लख्ख दिसत होतं, आणि दिसून काही उपयोग नव्हता, कारण ह्यातलं एकही वाक्य कोणी तिसऱ्यानं ऐकलं नव्हतं.

तरीही त्या दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. दोघी एकत्र. मेघाला वाटत होतं, दोघी एकाच तोंडानं बोलतोय म्हटल्यावर त्यांना पटेल. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि मोहित सरांना फोन लावून बोलावलं. सर आले, त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा अगदी खुलला.

"चला, निदान दोघी बोलायला तरी लागल्या," ते म्हणाले. "सर, मी किती दिवस हेच सांगत होतो. गैरसमज होते त्यांच्यात. आता माझ्यावर राग निघाला तरी चालेल, पण त्या एक झाल्या हे महत्त्वाचं."

डॉक्टर हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "देखो, घरचे ताण इथं आणू नका. मोहित तुमचं चांगलंच बघतो. बदली ही काही शिक्षा नाहीये. तिकडे काम कमी आहे, देवकीबाईंना बरंच पडेल."

बाहेर आल्यावर देवकीताई म्हणाल्या, "पाह्यलं? आपण त्याच्याच तोंडात साखर घातली, त्याचंच खरं केलं."

त्या कन्हानला गेल्या. मेघाचे दिवस त्यानंतर हळूहळू आक्रसत गेले. तिला कोणी रागावलं नाही. सरांनी फक्त विमा कंपन्यांशी बोलायचं काम तिच्याकडून काढलं आणि जुने कागद स्कॅन करायला दिले. म्हणाले, "तुम्हाला ताण येतो ना, म्हणून हलकं काम." मेलचा पासवर्ड बदलला, तो तिला कोणी कळवला नाही. काउंटरचा व्हॉट्सॲप ग्रुप शांत झाला, आणि मग तिला कळलं की दुसरा ग्रुप आहे. ह्यातल्या कशाबद्दल तक्रार करणार? पासवर्ड मागितला तर लगेच मिळायचा. "अरे, तुम्हाला दिला नाही का? सॉरी सॉरी."

सुशील म्हणाला, "सोडून दे न मग."

"आन् जाऊ कुठं?"

त्याचं स्वतःचं कंत्राट दरवर्षी पुढं ढकललं जायचं, आणि त्यासाठी तोही कोणाच्या तरी पुढंमागं करत होता. घरात एकाचा तरी पगार पक्का असायला हवा, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

तिनं तरी रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलमध्ये मुलाखत दिली. छान झाली. "कळवतो," म्हणाले. त्या आठवड्यात मोहित सर तिच्या टेबलाशी थांबले आणि आपुलकीनं म्हणाले, "रामदासपेठेत जाऊन आलात म्हणे. मला आधी सांगायचं ना, मी चांगला शब्द टाकला असता. त्यांचा फोन आला होता मला." तिकडून पुन्हा कोणी कळवलं नाही. सर काय बोलले असतील हे तिला कळायला मार्ग नव्हता. कदाचित काही वाईट बोललेही नसतील. फक्त 'थोड्या ताणात असतात' एवढंच म्हणाले असतील.

देवकीताईंनीही कन्हानची नोकरी सोडली. जाण्यायेण्यात जीव चालला होता. आता त्या घरी साड्यांना फॉल-पिको करतात. मेघा एका रविवारी त्यांच्याकडे गेली. देवकीताईंनी चहा केला, मुलीच्या शाळेची चौकशी केली, कूलरचा पंप सारखा बिघडतो म्हणून सांगितलं. आतल्या खोलीतून यजमानांच्या खोकण्याचा आवाज आला. देवकीताई उठल्या, दार ओढून घेतलं आणि पुन्हा कूलरचंच बोलायला लागल्या. मेघाला विचारायचं होतं, आता कसे आहेत ते. पण तिनं विचारलं नाही. निघताना देवकीताईंनी तिला जिन्यापर्यंत सोडलं, "येत जा," म्हणाल्या, आणि दोघींनाही माहीत होतं की आता फारसं येणं होणार नाही.

देवकीताईंच्या खुर्चीवर मयुरा नावाची मुलगी आली. नुकतीच पदवी झालेली, उमरेडहून रोज ये-जा करणारी. पहिल्या आठवड्यातच सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कॉफी गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. "सर किती चांगले आहेत ना मेघाताई. माझ्या आईबद्दल विचारत होते."

मेघाला राहवलं नाही. डबा खाताना ती म्हणाली, "मयुरा, एक सांगू? केबिनमध्ये घरचं काही बोलू नको. स्वतःचंही नाही आणि दुसऱ्याचंही."

"का ताई?"

"असंच. ऐक माझं."

दुसऱ्याच दिवशी सर हसत हसत म्हणाले, "मेघा, नव्या मुलीला घाबरवताय म्हणे?" मयुरानं चुगली केली नव्हती. तिनं भाबडेपणानं सरांनाच विचारलं होतं की मेघाताई असं का म्हणतात. मेघाला तिचा राग आला नाही. मनात मळ न ठेवता साहेबाला सगळं सांगायचं, हे तिनंही केलंच होतं.

मग तिनं ठरवलं, आता तोंड उघडायचंच नाही. मयुराची आई आजारी होती, तिला सकाळी उपचाराला न्यावं लागायचं, त्यामुळे मयुराला उशीर व्हायला लागला. ती मेघाला सांगायची, मेघा ऐकायची आणि पोटात ठेवायची. एक दिवस सरांनी बोलावलंच. "मयुरा हल्ली उशिरा येते. काही कारण माहीत आहे का तुम्हाला?"

मेघाच्या हातात कॉफीचा कप होता. ती म्हणाली, "मला माहीत नाही सर."

"नक्की?"

"हो सर."

ते हसले. मेघाला त्या दिवशी स्कूटीवरून येताना हलकं वाटत होतं. जिन्यात भेटली तेव्हा तिनं मला हे सांगितलंही. म्हणाली, "ह्या खेपेला काही दिलं नाही त्यांच्या हातात."

त्याच आठवड्यात मयुरानं तिच्याशी बोलणं बंद केलं. मेघानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती पोरगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुम्हाला सगळं माहीत होतं ताई. सरांनी विचारलं तेव्हा निदान आईचं सांगायचं ना. तुम्ही म्हणालात, मला काय करायचंय, तिला विचारा."

"मी असं नाही म्हटलं गं."

"म्हणजे सर खोटं बोलतात?"

हो म्हणावं तर ते संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये पोचणार, नाही म्हणावं तर ती स्वतःच खोटी ठरणार. काउंटरवर कोणाचा तरी नातेवाईक हाका मारत होता. "बघते," ती त्याला म्हणाली आणि उठली.

मयुरा आता नर्सेसच्या खोलीत डबा खाते. मेघा तिच्या जागेवरच खाते, स्कॅनरच्या शेजारी. सरांनी परवा तिच्या मुलीच्या दहावीबद्दल विचारलं, कोणत्या क्लासला घातलंय, किती टक्के अपेक्षित आहेत. मेघानं उत्तर दिलं. न देऊन करणार काय?